दुसऱ्या कोरची घाई

"पोरी, तुझं यंत्र आज परत रुसलं!" बचावनौकेचा कप्तान तोर्स्ती फोनवर ओरडतच होता. "बर्फात दोघं मासेमार अडकलेले आणि इथं पडदा काळा ठिक्कर! शेवटी होकायंत्र धरून गेलो."

"सापडले?"

"सापडले. पण एकाची बोटं वाचत नाहीत म्हणे."

हिल्लाने हातातला घास ताटात परत ठेवला. ओउलू बंदरातल्या बचावनौकांना वाट दाखवणाऱ्या संगणकाची मूळ प्रणाली तीच लिहायची. सुरू होताना तो मधूनच गोठायचा, जागीच अडकून बसायचा. बंद करून परत लावला की बहुतेक वेळा सुरळीत. तिच्या टेबलावर मात्र शहाण्या मुलासारखा वागायचा.

"सुरुवातीला जरा थांबायला लाव त्याला," तिचा वरिष्ठ वेइयो म्हणाला. "अर्धा सेकंद. कुणाला कळतंय?"

"आणि अर्धा नाही पुरला तर? गारठा काय तुला विचारून पडतो?"

बोलता बोलता ती थबकली. गारठा! इथं खोलीत ऊब होती, नौका मात्र धक्क्यावर गोठत उभ्या असायच्या.

तिने टेबलावरचं यंत्र उचललं आणि थेट बंदर गाठलं. तोर्स्तीच्या नौकेच्या उघड्या फळीवर ते ठेवून ती बसली. चालू, बंद. चालू, बंद. बोटं बधिर झाली. तोर्स्तीने आणलेली कॉफी निवून गेली.

"आत ये गं, मरशील!"

"थांबा हो!"

आणि पडदा गोठला. यावेळी तिने तो बंद केला नाही. लॅपटॉप जोडून ती यंत्राच्या आत काय चाललंय ते बघू लागली. चिपमधले दोन कोर, म्हणजे काम करणारे दोन मेंदूच, एकापाठोपाठ जागे होत. थंडीत मेमरी तयार व्हायला उशीर लागे. पहिला कोर कामांची यादी मांडतोय तोवर दुसरा त्या अर्धवट यादीत हात घालून अडकून बसे. खोलीतल्या उबेत पहिल्याचं काम आधीच उरकायचं, म्हणून कुणाला दिसलंच नव्हतं.

दुरुस्ती चार ओळींची. पहिल्याने 'झालं' अशी खूण केल्याशिवाय दुसऱ्याने जागचं हलायचं नाही.

"एवढंच?" ऑफिसात त्या ओळी वाचून वेइयोने विचारलं.

"एवढंच. अंदाजाने थांबायचं नाही, खुणेची वाट बघायची."

त्याने मान खाली घालून मंजुरी दिली.

त्यानंतर संगणक पुन्हा गोठला नाही. हिल्ला इस्पितळात त्या मासेमाराला भेटून आली. त्याने पट्टी बांधलेला हात वर करून हसून दाखवलं. तिला काही हसता आलं नाही. परतताना बसमध्ये बसल्या बसल्या दुसरी यंत्रं कशी सुरू होतात तेही ती मनात चाळत राहिली: आणखी कुठे कुणी अंदाजाने थांबलंय का?