सेटल नको, बंद

"बसा ना," दिलशाद म्हणाली. "मागच्या वेळी रस्त्यात उभं राहून बोलत व्हता. आज आत या."

गोरख दारातच घुटमळला. तो फायनान्स कंपनीचा वसुलीवाला. ओतूरच्या बाजारपेठेतल्या या गादीच्या दुकानापुढे तो मागच्या महिन्यात मुद्दाम गर्दी बघून आला होता आणि समोरच्या हॉटेलातही ऐकू जाईल असं बोलून गेला होता. त्या दिवशी दिलशाद खाली मान घालून गादीला टाके घालत राहिली होती. आज तिनं कापूस पिंजायचं मशीन बंद केलं, ओढणीवरचा कापूस झटकला आणि त्याच्यापुढे स्टूल सरकवलं.

"भांडाया न्हाई आलो, चाची," तो बसत म्हणाला. "तुमच्या फायद्याचंच हाय. पस्तीस हजार भरा, बाकी सगळं माफ. सेटलमेंट. पण ह्याच महिन्यात."

सुनेसाठी गाद्या करून घ्यायला आलेल्या सुमतीबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांचं पेठेत कापडाचं दुकान. त्यांनी लगेच मान डोलावली.

"घे की गं दिलशाद. लाखाच्या वर सांगत होते ना? पस्तीसात मिटतंय."

"आणि सिबिलला, माझ्या कर्जाच्या नोंदीत, काय लागणार?" दिलशादनं गोरखला विचारलं.

"सेटल्ड लागंल."

"म्हंजी काय?"

"म्हंजी... मिटलं."

"मिटलं न्हाई. ह्या बाईनं पुरते भरले न्हाईत, कंपनीनं पाणी सोडलं, असं व्हतं ते. मी बँकेत विचारून आलेय."

कर्ज याच मशीनचं होतं. तिच्या नवऱ्यानं, दस्तगीरनं, दोघांच्या नावावर काढलेलं. दोन वर्षं हप्ते नीट गेले. मग त्याच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, दुकान निम्मे दिवस बंद राहू लागलं, आणि एका पावसाळ्यात दस्तगीरही गेला. हप्ते तिथेच थांबले. कंपनीनं कर्ज बुडीत धरलं आणि दंड मात्र वाढवत नेला.

तेही तिनं ओढत नेलं असतं. पण लेकीला, इफराला, फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला, आणि शैक्षणिक कर्जासाठी मायलेकी जुन्नरच्या बँकेत गेल्या. साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या नावावर राइट ऑफ दिसतंय. म्हणजे पैसे बुडवलेत." ते रागानं म्हणाले नव्हते. पण दिलशादला ते लागलं. पेठेत तिला कुणी गरीब म्हटलं होतं, तापट म्हटलं होतं. बुडवी तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

"मला 'बंद' पाहिजे," ती आता गोरखला म्हणाली. "पूर्ण भरून बंद. मुद्दल देते, व्याज देते. दंड देणार न्हाई. माझा माणूस दवाखान्यात पडला तवा मी तुमच्या हापिसात जाऊन सांगितलं व्हतं, मुदत द्या म्हणून. कुणी ऐकलं न्हाई. आणि आधी लेखी, मग पैसे."

"चाची, सूट सोडून जास्त भरणारं गिऱ्हाईक मी आजून बघितलं न्हाई."

"आता बघा."

गोरख उठला. "माझ्या हातात न्हाई हे. जुन्नरला मॅडमला भेटा."

दोन दिवसांनी ती इफराला घेऊन कंपनीच्या जुन्नरच्या ऑफिसात गेली. वृषालीमॅडम तिशीच्या, टापटीप, बोलायला गोड.

"तुम्ही पैसे भरा, बाकीचं मी बघून घेते. माझा शब्द आहे."

"शब्द नको मॅडम. कागद द्या."

"आधी कागद द्यायची पद्धत नाही आमच्यात."

"गिऱ्हाइकापुढं बाईला चोर म्हणायची हाय का?" दिलशादचा आवाज चढला नाही. "तुमचा माणूस माझ्या दुकानापुढं काय बोलला, ते ऐकणारे चौघं जण सही द्यायला तयार हायत. सुमतीबाईंनी तर परवाच सांगितलं, माझी पहिली घे. ती तक्रार कुठं करायची तेही माझ्या पोरीनं शोधलंय. मला करायची न्हाई. पण करीन."

वृषालीनं पुण्याच्या मुख्य ऑफिसला फोन लावला आणि आत निघून गेली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "वेळ लागेल. जेवून या."

"इथंच बसतो."

इफरानं पिशवीतून चपातीची गुंडाळी काढली. दोघींनी बाकावरच खाल्ली. शिपाई दोनदा येऊन बघून गेला. दुपार कलल्यावर प्रिंटरमधून कागद आला. दंड माफ झाला होता. इफरानं तो हळू आवाजात आईला वाचून दाखवला आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"अम्मी, यात परत सेटल्ड लिहिलंय."

दिलशादनं कागद टेबलावर ठेवला. "हा शब्द काढा."

"अहो, एका शब्दानं काय होतंय?"

"त्याच शब्दासाठी आलोय."

वृषालीनं उसासा टाकला आणि कीबोर्ड पुढे ओढला. नवा कागद देताना ती म्हणाली, "आता पूर्ण भरणा, खातं बंद. राइट ऑफ निघून जाईल. पण हप्ते चुकलेले महिने राहतील हं, ते मला काढता येणार नाहीत."

"ऱ्हाऊ द्या. ते खरं हाय. उशीर झालाच व्हता."

वृषालीनं मान वर करून पाहिलं. मग कागदावर शिक्का मारला.

पैसे भरायला आठवड्याची मुदत होती. राजुरीचा एक गादीवाला मशीन घ्यायला टेम्पो घेऊन आला, तेव्हा इफरा दारात आडवी उभी राहिली.

"मशीन दिल्यावर खाणार काय आपण? नको मला ते कॉलेज."

"माझे हात गेलेत का?" दिलशाद म्हणाली. "कॉलेज तुझं हाय. नाव माझं हाय. सरक बाजूला."

चौघांनी मशीन उचललं. टेम्पो वळेपर्यंत दिलशाद दारात उभी होती. मग आत येऊन तिनं फरशीवरचं काळं ऑइल रॉकेलनं पुसायला घेतलं. ते सगळं निघालं नाही.

पुढच्या महिन्यात बँकेच्या साहेबांनी पुन्हा कॉम्प्युटर पाहिला. चुकलेल्या महिन्यांवर ते बराच वेळ अडले, दोन प्रश्न विचारले, आणि अर्ज पुढे पाठवला. कर्ज मंजूर झालं, पण प्रवेशाच्या अगदी शेवटच्या दिवसांत. इफरा होस्टेलला गेली ती घाईघाईत, नवी गादीही न घेता.

त्यानंतर एका दुपारी दुकानात एक अनोळखी गिऱ्हाईक आलं. त्यानं आत नजर फिरवली.

"मशीनवर पिंजून मिळंल असं कळलं व्हतं."

"मशीन विकलं."

"का हो? धंदा बसला?"

"न्हाई. त्याचंच कर्ज व्हतं, ते फेडलं."

माणूस जरा गोंधळला. मशीनचं कर्ज फेडायला मशीनच विकलं, हे त्याच्या डोक्यात बसेना.

"हातानं झोडून देते," दिलशाद म्हणाली. "दोन दिवस जास्त लागतील. चालंल?"

"चालंल."

तिनं त्याची जुनी गादी उसवून कापूस फरशीवर पसरला, तोंडावर ओढणी घट्ट बांधली आणि काठी उचलली.