एक नवी डिस्क

"परत किती आल्या?" भीमराजनं विचारलं, आणि काउंटरमागचा जेठानंद चष्म्यावरून त्याच्याकडे बघतच राहिला.

पिंपरी कॅम्पातल्या त्या गेमच्या दुकानात गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं, मग घासाघीस करतं. साठी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट खोचलेला माणूस येतो आणि थेट माघारी आलेल्या मालाची चौकशी करतो, हे जेठानंदनं कधी पाहिलं नव्हतं. पण भीमराज साळवेची तऱ्हाच तशी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत त्याची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. किती माल गेला हे सेल्सवाल्यांनी मिरवावं. माल कसा होता ते मात्र गिऱ्हाइकाकडून परत किती आला यावरून कळतं, असं तो मानत आला. रिटायर झाला तरी खोड गेली नव्हती. भाजीवालीलासुद्धा विचारायचा, कालच्या मेथीची कुणाची तक्रार आली का म्हणून.

तो विचारत होता त्या गेमचं नाव 'ड्राय हार्बर'. टीव्हीला कन्सोल जोडून खेळायचा, बंदुकांचा, धडाधडीचा गेम. कॅनडातल्या एका छोट्या कंपनीनं तो काढला होता आणि भीमराजचा मुलगा आयुष त्या कंपनीत कामाला होता. बडे लोक असल्या गेमवर पाण्यासारखा पैसा ओततात. यांचं बजेट बेताचं. आयुषनं आधीच सांगून ठेवलं होतं, गेम चालला तर दुसरा भाग निघेल. नाही चालला तर कंपनीला कुलूप, आणि नोकरी गेली की तिथं राहताही येणार नाही. मग थंडीपर्यंत तो गाशा गुंडाळून काळेवाडीला घरी येणार.

सगळी गोम तिथंच होती. बायको, सोजर, गेल्यापासून भीमराजला घर खायला उठायचं. दिवसा कसंबसं निभावायचं, पण जेवायला बसलं की समोर कुणी नाही. पोरगं परत यावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि पोरगं परत यायचं तर त्याचा गेम पडायला हवा. बापानं पोराच्या कामाचं वाईट चिंतावं? तो स्वतःलाच शिव्या घालायचा, आणि तरी मनातल्या मनात चिंतायचाच. एवढंच नव्हे, आयुषला गार पाणी सोसत नाही म्हणून त्यानं न्हाणीत गीझरही बसवून घेतला होता. स्वतः बारा महिने गार पाण्यानं अंघोळ करणारा माणूस. गीझरचं बटण पोरानंच पहिल्यांदा दाबावं म्हणून त्यानं त्याला हातही लावला नव्हता. शेजारच्या गोजाबाईला तर सांगूनच टाकलं होतं, थंडीपर्यंत येतोय आयुष.

पण गेम चालला की पडला, हे कळायचं कसं? दर रविवारी सकाळी आयुषचा फोन यायचा. तिकडं तेव्हा शनिवारची रात्र असायची. जय भीम, जेवलास का, एवढं झालं की भीमराजची गाडी तिथंच यायची. मागच्या रविवारी आयुषनं सगळं समजावून सांगितलं होतं. विक्रीचा आकडा गेम बाजारात आणणारी मोठी कंपनी कुणाला सांगत नाही, नुसतं समाधानकारक म्हणते. समीक्षकांनी दहातले सात दिले. महिन्याभरात किंमत उतरवली. ती खपत नाही म्हणून उतरवली की आणखी खपावा म्हणून, ते वरच्यांनाच ठाऊक. त्यात यांचा खर्चच कमी, म्हणून मोठ्या गेमपेक्षा कितीतरी कमी खपला तरी यांचं भागतं. भीमराजचं डोकं चक्रावलं. चाकणला पाळी संपली की चांगले नग इकडं, रिजेक्ट तिकडं, डोळ्यांसमोर मामला. शेवटी त्यानं ठरवलं, बाजारात जाऊन आपणच तपासावं.

आणि आता जेठानंद मागच्या फळीवरून जुन्या डिस्क काढून काउंटरवर मांडत होता. 'ड्राय हार्बर'च्या तीन निघाल्या.

तीन! एवढ्याशा दुकानात तीन नग परत. चाकणला असं झालं असतं तर सगळं खातं मान खाली घालून उभं राहिलं असतं. भीमराजला आतून उकळी फुटली. येतंय पोरगं! लगेच लाजही वाटली, पण ती उकळीच्या मागून आली.

जेठानंद मात्र सांगू लागला की इथं परत येण्याचा तसा अर्थ नसतो. गेम पुरा खेळून झाला की लोक डिस्क विकून टाकतात आणि दुसरी नेतात. भिकार असेल तो गेम आठवड्यातच माघारी येतो. हा महिन्यानं आला, म्हणजे लोकांनी शेवटपर्यंत खेळला. भीमराजनं हे एका कानानं ऐकलं. त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं. पोराची आठवण म्हणून घरी एक असावी, असं म्हणून त्यानं तिन्हींतली स्वस्तातली डिस्क उचलली.

जुनी डिस्क गिऱ्हाइकाला चालवून दाखवल्याशिवाय द्यायची नाही, ही जेठानंदची रीत. त्यानं कोपऱ्यातल्या टीव्हीवर गेम लावला आणि कुणीतरी अर्धा खेळून ठेवला होता तिथून पुढं चालू केला. बंद पडलेला कारखाना होता. बंदूक घेतलेला एक सैनिक प्रेस मशीनच्या रांगेतून वाकून चालला होता. जमिनीवर पिवळे पट्टे, वर पत्र्यातून येणारं ऊन. भीमराज पुढं सरकला. ही रांग त्याच्या ओळखीची होती. कंपनीत वर्षातून एकदा घरच्यांना बोलवायचे, तेव्हा लहानग्या आयुषचं बोट धरून त्यानं त्याला याच रांगेतून फिरवलं होतं.

"थांबा. जरा तिथंच थांबा," तो म्हणाला.

शेवटच्या मशीनजवळ तपासणीचं टेबल होतं आणि टेबलावर स्टीलचा डबा. डब्याला सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळलेली. भीमराजच्या डब्याचं झाकण नोकरीभर ढिलं होतं. नवा घ्यायचं सोजर दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी ट्यूबची नवी पट्टी कापून द्यायची.

सैनिक टेबलापाशी उभाच होता. जेठानंदनं मागं वळून बघितलं, तर भीमराज रुमालानं डोळे पुसत होता. उन्हाचा त्रास होतो, असं काहीतरी तो पुटपुटला. दुकानात ऊन कुठलं! पण जेठानंद शहाणा माणूस, त्यानं टीव्ही बंद केला.

डिस्क पिशवीत घालताना तो सहज म्हणाला, "साहेब, एक बात. ये पुरानी का बनानेवाल्याला काही मिळत नाही हां. त्यांच्याकडे फक्त नवीची गिनती होते."

भीमराज थबकला. "नवी घेतली तर तिकडं कळतं?"

"एक पीस बढ गया, बस. कळणार ना."

भीमराजनं पिशवीतली डिस्क काढली, काउंटरवर ठेवली, बोटानं हळूच पलीकडे सरकवली.

"मग नवी द्या."

"घरी कन्सोल आहे?"

"न्हाई."

जेठानंदनं वरच्या फळीवरून प्लॅस्टिकात बंद असलेली नवी डिस्क उतरवली. भीमराजनं घासाघीस केली नाही. घरी येऊन त्यानं ती तशीच, न फोडता, सोजरच्या फोटोशेजारी ठेवली.

पुढच्या रविवारी आयुषचा आवाज वेगळाच होता. दुसऱ्या भागाला परवानगी मिळाली होती. थोड्या लोकांना काढलं, पण याचं नाव राहिलं.

"म्हंजी चालला म्हणायचा?" भीमराजनं विचारलं.

"हिट नाही म्हणता येणार, पप्पा. खर्च निघाला, वर थोडं उरलं. आमच्यासारख्यांना तेवढं बास होतं." मग तो म्हणाला, "मी यायचं म्हणत होतो ना थंडीत... आता नाही जमणार. दोन-तीन वर्षं तरी."

भीमराजनं सोजरच्या फोटोशेजारची डिस्क जरा सरळ केली.

"त्या डब्याची पट्टी," तो म्हणाला, "एकच वेढा दिलाय तू. तुझी आई दोन द्यायची. आता दुसऱ्या भागात नीट बांध."

पलीकडून आयुष नाक ओढत म्हणाला, "कुठं बघितलं तुम्ही?"

"बघितलं कुठंतरी. जेव आता, आन् झोप."

फोन ठेवून तो बाहेर आला तर गोजाबाई दारात कपडे वाळत घालत होती. तिनं विचारलं, आला का फोन, कधी येतंय पोरगं. भीमराज म्हणाला, "न्हाई येत. काम चांगलं झालं त्याचं, कंपनी सोडंना."

मग तो टॉवेल घेऊन न्हाणीत गेला. गीझरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला, आणि पाणी तापेपर्यंत तो तिथंच बादलीशेजारी उभा राहिला.