चौथा रकाना

"लिहा ना. पेन नाहीये का?" चौकशीचा फॉर्म सरकवत साहेबांनी स्वतःचं पेन पुढे केलं.

त्याच्या खिशाला दोन पेनं होती. तरी त्याने साहेबांचं घेतलं.

प्रश्न १. आपले पद व सेवेचा कालावधी.

*निरीक्षक. बावीस वर्षे.*

इथवर सगळं खरं होतं.

प्रश्न २. आपल्या कामाचे स्वरूप.

*पडद्यावरील खुणांची नोंद घेणे.*

टेकडीवरचा अँटेना दरीत लहरी सोडतो. त्या कशावर तरी आपटून परत येतात. परत येतं त्यात बहुतेक गदळच असतं: पाऊस, झाडं, पक्षी, यंत्राची स्वतःची कुरकुर. त्या गदळात कुठेतरी विमानाची केसाएवढी खूण. यंत्र प्रत्येक संशयित खुणेवर एक वाकडी रेघ बसवून बघतं आणि चार आकडे देतं. पहिल्या रकान्यात जागा. दुसऱ्यात वेग. तिसऱ्यात, तो वेग किती वाढतोय. आणि चौथ्यात ती वाढ स्वतः किती बदलतेय ते. चौथ्या रकान्याला इथे सगळे 'थरथर' म्हणतात.

बायकोला त्याने हे एकदा समजावून सांगितलं होतं. "बसचा ड्रायव्हर नवखा असला की मानेला कसा हिसका बसतो? तो हिसका म्हणजे चौथा रकाना."

"म्हणजे तुमचे भाऊजी गाडी चालवतात तसं."

"भाऊजींना पाचवा रकाना लागेल."

ती पोट धरून हसली होती. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, आपलं काम जगात निदान एका माणसाला कळलं.

प्रश्न ३. निरीक्षकाची सतर्कता कशी तपासली जाते?

*पेरणी करून.*

शेजारच्या खोलीत एक बाई बसते. खऱ्या गदळात ती खोट्या खुणा मिसळते. निरीक्षकाने तीस सेकंदांत ओळखून टेबलावरचं बटण दाबायचं. खरी खूण असेल तर बटण नाही, लाल फोन उचलायचा. बाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं आहे. सगळे त्यांना पेरणीबाई म्हणतात. दाराजवळच्या फळ्यावर प्रत्येक निरीक्षकाने किती पेरण्या सोडल्या ते लिहिलेलं असतं. याच्या नावापुढे बावीस वर्षं शून्य आहे. म्हणून हा 'घार'.

पहिली अकरा वर्षं त्याने खरोखर डोळे ताणून काढली. पुढच्या अकरा वर्षांतलं घारीच्या डोळ्याचं गुपित असं, की अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी त्याच्या लक्षात आलं, पेरणीबाई आपल्या खोट्या खुणांचा चौथा रकाना भरतच नाहीत. तिथे शून्यच ठेवतात. खऱ्या विमानात तिथे कधी शून्य येत नाही. वारा असतो, चालवणाऱ्याचा हात असतो. पेरलेली खूण मात्र कशी, घडी घातलेल्या कपड्यासारखी नेटकी. एकदा कळल्यावर बघायचंही काही उरलं नाही. शून्य दिसलं की बटण.

सांगायला हवं होतं. दोन खोल्यांच्या मधलं दार उघडंच असतं. "बाई, थरथर घाला की जरा," एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी पाच मिनिटांत घातली असती. मग या वयात तोही इतरांसारखा चाचपडला असता, आणि फळ्यावर त्याच्याही नावापुढे सात, नऊ, बारा आले असते.

अकरा वर्षांत ती पाच मिनिटं काही निघाली नाहीत.

प्रश्न ४. गुरुवारी सकाळी ११:४२ वाजता पडद्यावर काही आढळले का?

पेन थांबलं.

गुरुवारी पाऊस होता. पडदा राखेसारखा. पेरणीबाई रजेवर होत्या. त्यांनी आधीच तयार ठेवलेल्या खुणा यंत्र आपल्या आपण पेरत होतं. बेचाळीसला पूर्वेच्या कड्याजवळ एक खूण उमटली. फिकी, पण होती. तीन-चार सेकंद. जागा, वेग, वाढ. चौथा रकाना: शून्य.

त्याने बटण दाबलं. वहीत पेन्सिलने लिहिलं, '११:४२, पूर्व कडा, पे.' पे म्हणजे पेरणी. आणि चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता, एवढंही आठवतं.

त्याच वेळी जंगलाचे फोटो काढणारं एक छोटं विमान दरीत बेपत्ता झालं होतं. शेवटचा निरोप पश्चिमेकडून आला होता, म्हणून शोध पश्चिमेला चालला. दोन दिवस चालला. शनिवारी सकाळी लाकडं तोडणाऱ्यांना ते विमान चालवणारी मुलगी पूर्वेच्या कड्याखाली सापडली. झाडाला टेकून बसलेली. दोन्ही पाय मोडलेले. शुक्रवार संध्याकाळपर्यंत जिवंत असावी, असं डॉक्टर म्हणाले.

शनिवारी दुपारी पेरणीबाई हिशेब जुळवत होत्या. "काका, गुरुवारी मी चारच पेरल्या होत्या. तुम्ही पाच पकडल्यात!" त्या हसत होत्या. "आता न पेरलेलंही उगवायला लागलं का तुमच्याकडे?"

त्याला लगेच कळलं. कोसळणाऱ्या वस्तूचा वेग एकसारखा वाढतो. त्यात थरथर नसते. हात सुटलेला असतो.

"धक्का लागला असेल बटणाला," तो म्हणाला.

"जाऊ दे, खोडते."

त्यांनी त्यांचं खोडलं, त्याने वहीतलं.

"एवढा काय विचार करताय?" साहेब खुर्ची ओढून जवळ बसले. "मी टेप बघितली. आहे खूण. पण आता ठाऊक आहे कुठे बघायचं, म्हणून दिसते. तेव्हा कोणाला दिसली नसती. डोळ्याला दिसायच्या उंबरठ्याखाली होती."

"साहेब, उंबरठ्याच्या..."

"अहो, तुम्हाला दिसली नाही! तुम्हाला! यापेक्षा मोठा पुरावा कुठला देणार मी? तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर लोकांनी शंका घेतली असती."

साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. ते जास्त वाईट होतं.

*नाही,* त्याने लिहिलं.

प्रश्न ५. अन्य काही सांगावयाचे आहे काय?

ही जागा कोरी राहिली.

"झालं का लिहून?" घरी बायकोने विचारलं.

"झालं."

"मग पानातलं चिवडत का बसलात?"

"भूक नाही."

"त्या मुलीचं लागलंय ना मनाला? अहो, जे दिसलंच नाही त्याला तुम्ही तरी काय करणार?"

तो उठला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ धूत राहिला.

*(पुरवणी. हिच्यासाठी फॉर्मात जागा नव्हती.)*

सोमवारी साहेब एका बाईंना घेऊन आले. "या त्या वैमानिक मुलीच्या आई. यांना ही खोली बघायची होती," म्हणाले, आणि त्यांना त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसवून निघून गेले.

आई साठीच्या असतील. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली.

"तुमचंच नाव सांगितलं साहेबांनी. बावीस वर्षांत एकही खूण सुटली नाही म्हणे."

त्याने वही जरा बाजूला सरकवली.

"तेवढंच बरं वाटतं हो मनाला. कोणी बेफिकीर माणूस असता इथे, तर मी जन्मभर त्याला शिव्या घातल्या असत्या." त्यांनी पडद्याकडे मान वळवली. "यात बघता तुम्ही?"

"हो."

"मला तर नुसती राख दिसतेय."

"तशीच दिसते."

त्या वाकून बघत राहिल्या. एवढ्यात डावीकडे एक खूण उगवली. नेटकी, एकसारखी वाकत चाललेली. चौथा रकाना शून्य. त्याचा हात सवयीने बटणाकडे गेला. दाबलं की हिरवा दिवा लागणार, घंटी वाजणार. आई विचारणार, काय झालं? आणि त्याला बोट ठेवून दाखवावं लागणार, की दिसणं म्हणजे हे असं असतं.

त्याने हात टेबलाखाली नेला. गुडघ्यावर दाबून धरला. तीस सेकंद फार मोठी असतात.

"काका!" उघड्या दारातून पेरणीबाईंचा आवाज आला, आश्चर्याने फुललेला. "अहो, सुटली की! बावीस वर्षांत पहिल्यांदा! आता पेढे मी मागू की तुम्ही?"

मग त्या दारात आल्या, आईंना पाहिलं, आणि तशाच मागे सरकल्या.

"काय सुटलं?" आईंनी विचारलं.

त्याने वही ओढली. आजचं पान उघडलं नाही. मागे गेला. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. खोडलेल्या जागी कागद पातळ झाला होता, पण पेन्सिलचे वळ अजून होते. त्याने खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि त्या वळांवरूनच शाईने लिहिलं. वेळ. कडा. शेवटी 'पे' होतं, तिथे लिहिलं: 'दिसली होती. मी सोडली.'

वही फिरवून त्याने त्यांच्यासमोर ठेवली.

"थांबा हं," आई म्हणाल्या. "चष्मा लागतो मला." आणि त्या पर्समध्ये चष्मा शोधू लागल्या.