माझा नऊ चुकला

मित्रांनो, ज्या वैशाखात बाळाराम भोईरांच्या करिष्माचे लग्न झाले, त्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, मी भिवंडीजवळच्या दापोड्यात आलो. मी मनगटावर बांधायचे एक आकड्यांचे घड्याळ आहे. मला काटे नाहीत. आता माझ्या पट्ट्याला चिरा गेल्या आहेत आणि काचेवर ओरखडे आहेत, पण त्या लग्नात मी नवाकोरा होतो आणि अर्ध्या गावाने मला हातात घेऊन पाहिले होते.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक बारीकसा कान आहे. तिकडे डोंगरावर एक उंच टॉवर आहे, तो रोज खरी वेळ हवेत सोडतो. ती ऐकून मी एका सेकंदाची चूकसुद्धा दुरुस्त करीत असे. चूक झाली तरी ती सांगणारे कोणी आहे, हा केवढा आधार असतो, ते मला तेव्हा कळत नव्हते.

करिष्माचा भाऊ मनोज मालवाहू बोटीवर खलाशी होता. त्याने एका बंदराच्या गावी दुकानातून मला विकत घेतले आणि लग्नाला घरी आल्यावर वडिलांच्या मनगटावर बांधले.

बाळाराम तेव्हा सत्तरीचा होता. उमेदीत त्याने खाडीतून रेतीच्या होड्या हाकल्या होत्या. बायको वारली होती. शेत केव्हाच विकले गेले होते आणि त्या जागेवर गोदाम उभे होते. एक नव्हे, घराच्या तिन्ही बाजूंना गोदामेच होती, उंच पत्र्यांची.

मनोजने मला अंगणातल्या दगडावर ठेवले, एक बटण दाबून धरले आणि टॉवरची हाक लागते का ते पाहिले. मी सगळे बळ कानात आणले. काही ऐकू आले नाही. माझ्या काचेवर चूक झाल्याची इंग्रजी अक्षरे उमटली.

"काय रं, बिघडलं का?" शेजारचा महादू ओट्यावरून म्हणाला. तो बाळारामचा होडीवरचा जुना सोबती.

"बिघडलं न्हाय, काका. जपानच्या टॉवरचा आवाज इथपर्यंत येत न्हाय. ह्याला आता दिल्लीच्या टायमावर ठेवतो. मग ते ऐकायलाच जाणार न्हाय, आपलं आपलं चालंल."

"म्हंजे भैरं झालं म्हण की! बाळाराम, तू पण कुणाचं ऐकत न्हाईस, तुला जोडीदार गावला."

सगळे हसले. बाळारामही हसला. मनोजने माझ्यावर दिल्ली लावली आणि माझा कान बंद झाला.

मग त्याने वडिलांना माझी बटणे दाखवली. डावीकडचे वरचे बटण तीन सेकंद दाबून धरायचे म्हणजे आकडे लुकलुकू लागतात. डावीकडच्या खालच्या बटणाने पुढे सरकायचे, उजवीकडच्याने आकडा वाढवायचा. सगळे मिळून दोन मिनिटे. तेवढ्यात मांडवातून कोणीतरी हाक मारली आणि मनोज उठून गेला. पण बाळारामच्या बोटांना होडीच्या गाठींची सवय होती. ती बटणांची चाल त्याच्या बोटांत बसली.

एक गोष्ट मात्र मनोजने विचारली नाही, आणि बाळारामने सांगितली नाही. बाळाराम साठी उलटल्यावर गावातल्या शिक्षिका सुवर्णाबाईंच्या प्रौढ वर्गात वाचायला शिकला होता. देवळावरच्या पाट्या वाचायचा, भिंतीवरचे कालनिर्णय वाचायचा. पण ते सगळे मराठी आकडे. माझ्या काचेवरचे आकडे इंग्रजी. कोणी वाटेत वेळ विचारली की तो ऐटीत मनगट पुढे करायचा आणि म्हणायचा, "तूच बघ बाबा, माझा चष्मा घरी राह्यला." चष्मा त्याच्या खिशातच असायचा. आठ महिने मी त्याच्या मनगटावर होतो, आणि त्यातले पहिले पाच महिने त्याने मला एकदाही वाचले नाही.

जूनमध्ये मनोज परत बोटीवर निघाला, नऊ महिन्यांसाठी. निघताना बापलेकांचे वाजले.

"बाबा, ह्या पत्र्यांच्या पेटीत एकटं काय करणार? कल्याणला करिष्माकडं राह्यला जा."

"लेकीच्या घरी? आन् इथं दिवा कोण लावंल?"

"दिव्यापायी माणसानं जीव द्यायचा काय?"

"तुला माझी लाज वाटती, तर तसं सांग. जा तू. फोन पण नको करूस."

बाळारामने ते रागात म्हटले. मनोजने बॅग उचलली. रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बाळाराम दाराशी उभा होता. त्याची नाडी माझ्या पाठीला लागत होती, म्हणून तो किती रागावला होता हे मला माहीत आहे. तो मुळीच रागावलेला नव्हता.

जुलै गेला, ऑगस्ट गेला, गणपती येऊन गेले. फोन आला नाही. पत्र्यांमुळे घरात फोनला रेंज नसायची. ती गावदेवीच्या पायरीवर मिळायची, म्हणून बाळाराम रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा. बटणांचा छोटा फोन उजव्या हातात आणि डाव्या हातात मी. दोघेही गप्प.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी फोन थरथरला. संदेश होता. बाळारामने चष्मा लावला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचला:

'बाबा, राग सोडा. ह्या रविवारी आणि पुढच्या रविवारी बोट बंदरात आहे. दोन्ही दिवस 9 वाजता फोन करीन. उचलला नाहीत तर समजेन, तुम्हाला बोलायचं नाही. मनोज.'

त्याने तो तीन वेळा वाचला. मग मोठ्याने म्हणाला, "एक वाजता."

मित्रांनो, मराठीतला एक कागदावर काढून पाहा आणि त्याच्याशेजारी इंग्रजीतला नऊ काढा. मग तुम्ही बाळारामला हसणार नाही.

रविवार उजाडला. सकाळी त्याने माझ्याकडे पाहिले, पहिल्यांदाच वाचायला म्हणून. माझ्या काचेवर 9:00 होते. त्याच्या कपाळाला आठी पडली. "सकालचा एक कसा वाजंल? येडं झालं घड्याल." त्याला वाटले, मी चुकलो. आणि तो भाकरी खायला बसला. फोन त्याच्या शेजारी, पत्र्यांच्या मध्ये, मुका पडला होता. रेंज नसली की आलेला फोन त्याला कळतही नसे.

दुपारी गोदामाचा जेवणाचा भोंगा वाजला. तो बरोबर एकला वाजतो. बाळाराम पायरीवर बसला होता. त्याने भोंगा ऐकला, माझे डावे बटण तीन सेकंद दाबले आणि आकडे लुकलुकू लागताच, ज्याला तो एक समजत होता तो आकडा आणून ठेवला. दुपारच्या एक वाजता माझ्या काचेवर 9:00 आले.

मी आयुष्यात कधी खोटे बोललो नव्हतो. ज्या माणसाने मला सर्वांत जपले, त्यानेच मला प्रेमाने खोटे केले, आणि मला ओरडता येईना. जपानात असतो तर टॉवरने त्याच रात्री मला खरे केले असते. इथे मला कोणी हाक मारणार नव्हते. दुसऱ्याची चूक अंगावर बांधून फिरण्याइतके एकटेपण दुसरे नाही.

त्या रविवारी तो चार वाजेपर्यंत बसला. पुढच्या रविवारी धुतलेला सदरा घालून आला. भोंगा झाला. फोन वाजला नाही, फक्त थरथरला. 'ठीक आहे बाबा. समजलो. आता मार्चमध्ये आल्यावरच बघू.'

त्याने ते वाचले आणि फोन पायरीवर उलटा ठेवला.

तेवढ्यात महादूची सून कमळ डबा घेऊन आली. ती गोदामात खोकी बांधायला जायची. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाया देवळाच्या सावलीत यायच्या.

"काय काका, आज सदरा नवीन! पोरगी बघायला चाललाव का?" मग तिची नजर माझ्यावर गेली. "अयाई, घड्याल झोपलं तुमचं. सव्वानऊ दाखवतंय."

"डोलं तपास तुझं. सवा वाजलाय."

"वाजलाय सवाच. पण घड्यालात सव्वानऊ हायेत."

बाळारामने काडी घेतली आणि पायरीच्या धुळीत १ काढला. "ह्यो काय?"

"एक."

त्याने मनगट पुढे केले. "आन् ह्यो?"

"ह्यो नऊ. इंग्लिशमधला."

"दोघं सारखंच तर हायेत गं, कमळ!"

"सारखं दिसतात. हायेत कुठं?"

बाळारामने फोन तिच्या हातात दिला. तिने जुना संदेश वाचला. तिची चेष्टा गळून पडली.

"काका, मनोजभाऊनं नऊला फोन केला असंल. दोनी रविवारी. तवा कुठं व्हते तुम्ही?"

"घरी. भाकर खात व्हतो."

मग बाळाराम म्हणाला, "त्याला वाटंल, बापूस अजून रागातच हाय."

कमळने स्वतःचा मोठा फोन काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. "बोला ह्याच्यात. व्हाट्सअॅपवर जाईल त्याला."

"काय बोलू?"

"काय बोलायचं ते मला काय विचारताव? तुमचा पोर हाय."

बाळारामने घसा साफ केला. "मन्या, मी रागावलो न्हाय. माझा नऊ चुकला." बस, एवढेच.

पण तोवर बोट बंदर सोडून निघून गेली होती, आणि भर समुद्रात फोन लागत नाही. कमळच्या फोनवर त्या बोलण्यापुढे एकच टिक आली. दुसरी टिक आली म्हणजे त्याला पोहोचले, असे तिने समजावले. तेव्हापासून बाळाराम रोज दुपारी भोंग्याला देवळाशी यायचा. "आली का गं दुसरी?" "न्हाय आली, काका." कधी ती लांबूनच मान हलवायची. आठ दिवस, पंधरा दिवस. गोदामातल्या बाया त्याला 'टिकवाले काका' म्हणू लागल्या. तो हसायचा, पण परत जाताना त्याची पावले जड पडायची, हे माझ्याइतके कोणाला कळणार?

त्या दिवसांत त्याने एक काम केले. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर कमळकडून दहाही आकडे काढून घेतले, वर इंग्रजी, खाली मराठी. शून्य, दोन आणि तीन त्याला ओळखीचे वाटले. आठ त्याला चारसारखा दिसायचा. नवाला तो 'लबाड' म्हणायचा. पत्रिका गुडघ्यावर ठेवून तो मला वाचायचा, चुकायचा, परत वाचायचा. दोघे एकटे बसलेलो असायचो, पण ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. आणि एका दुपारी भोंगा सुरू होताच त्याने स्वतःच्या हाताने मला खऱ्या वेळेवर आणले. सेकंदांची शून्येसुद्धा लावली.

सव्विसाव्या दिवशी कमळ डबा तसाच टाकून धावत आली. "काका, आली! दुसरी आली!"

त्याच संध्याकाळी मनोजचा संदेश आला: 'बाबा, रविवारी सकाळी नऊ वाजता.' या वेळी त्याने नऊ अक्षरात लिहिला होता.

रविवारी बाळाराम आठलाच पायरीवर जाऊन बसला. माझ्यावर 9:02 झाले, 9:03 झाले. 9:04 ला फोन वाजला.

"बाबा?"

"बोल रं."

"बाबा, तुम्हाला इंग्लिश आकडं येत न्हाईत, हे सांगायचं तरी व्हतं."

"तू विचारलंस कवा?"

मनोज म्हणाला, "मार्चात येतो. सगळी बटणं शिकवतो. शेजारी बसून."

"ये. पण मला आता येतात." आणि बाळारामने मुलाला फोनवर वेळ वाचून दाखवली, तास, मिनिटे आणि धावणारे सेकंदसुद्धा, बिनचूक.

मित्रांनो, त्यानंतरचे माझे सांगण्यासारखे फार नाही. आता मी मनोजच्या कपाटात, एका स्टीलच्या डब्यात असतो. मी उजेडावर चालतो आणि डब्यात उजेड नाही. माझे आकडे फिके झाले आहेत, कधीकधी पुसलेच जातात. मनोज मला टाकून देत नाही आणि बाहेरही काढत नाही. मला त्याचा राग नाही. मला पाहणे त्याला जड जात असावे.

तुम्ही मोठे व्हाल, मिळवते व्हाल, आईवडिलांसाठी लांबून वस्तू आणाल. जरूर आणा. पण वस्तू हातात देऊन उठून जाऊ नका. त्यांच्याजवळ बसा. त्यांना काय येते आणि काय येत नाही, ते त्यांना लाज वाटणार नाही असे विचारा. दोन मिनिटांच्या जागी दोन दिवस द्या. आणि घरात माझ्यासारखे एखादे जुने घड्याळ डब्यात पडले असेल तर त्याला खिडकीत ठेवा.

बाळाराम हरी भोईर, राहणार दापोडे, वय सत्तर, मंगळवार दिनांक २४ जानेवारी २०२३ रोजी सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी आपल्या राहत्या घरी वारला. घरात दुसरे कोणी नव्हते. मनोज ३ मार्चला आला.