नोबुएच्या नावाची शिकवणी

नोव्हेंबरची सत्तावीस तारीख होती आणि मी त्रेचाळिसावी खुर्ची तारेवर चढवत होतो. आमच्याकडे स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्च्या उन्हाळ्यात उतरवून शेडमध्ये ठेवतात आणि बर्फ पडायच्या आधी एकेक करून परत टांगतात. मी मार्चमध्येच निवृत्त झालो होतो, पण माणसं कमी पडली म्हणून यानागीने बोलावलं होतं. यानागी माझ्या हाताखाली तयार झालेला. तो खालून ओरडला, "काका, खाली या."

"एवढी घट्ट करून येतो."

"नको. राहू दे ती. खाली या."

खुर्ची अर्धवट सोडायची नाही हे मीच त्याला शिकवलं होतं. त्यामुळे काहीतरी वाईट झालंय हे मला शिडीवरच कळलं.

माझी बायको नोबुए त्या सकाळी बसने शहरात गेली होती. स्कीचे जुने कपडे विकणाऱ्या एका दुकानात तिने कोट घालून पाहिला, आरशात बघून दुकानदारबाईंना विचारलं, "ढगळ होतोय का हो जरा?" आणि खाली बसली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. त्या बाई मात्र दुकान बंद करून तिच्याबरोबर आल्या होत्या आणि मी येईपर्यंत बाकावर बसून होत्या. ओळख ना देख. त्या निघून गेल्या असत्या तर तिचं शेवटचं बोलणं मला कधीच कळलं नसतं.

कोट कशाला हवा होता ते सांगतो.

आमचं तोचिहारा गाव लहान आणि तिथला स्कीचा उतारही लहान. लिफ्ट एकच. एकेचाळीस हिवाळे मी तिच्या पायथ्याशी उभा राहिलो. खुर्ची आली की तिच्यावरचा बर्फ झाडूने झटकायचा, ती हाताने धरायची, माणूस बसला की म्हणायचं, "जाऊन या." दिवसातून शेकडो वेळा. नोबुए साठ पावलांवरच्या उपाहारगृहात करी-भात आणि उदोन, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवया, करायची. ती समुद्राकाठची. लग्न होऊन इथे आली तेव्हा बर्फावर दोन पावलं टाकली की पडायची, आणि स्कीवर तर ती कधी उभीच राहिली नव्हती. हिवाळा म्हणजे आमचं काम. लोक हिवाळ्यात हिंडायला जातात, आम्ही त्यांना हिंडवायचो.

निवृत्तीच्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मला झाओला जायचंय, स्कीला. गिऱ्हाईक म्हणून."

"तिथे काय आहे?"

"बर्फाने लगडलेली झाडं आहेत. भुतांसारखी दिसतात म्हणे. आणि गरम पाण्याचे झरे आहेत. आणि मुख्य म्हणजे तिथे मला कुणी उदोन वाढेल."

"तुला स्की कुठे येतंय?"

"घरात लिफ्टवाला असून बायकोला स्की येत नाही, ही लाज कुणाची?"

मग उताराच्या कडेला उरलेल्या शेवटच्या बर्फावर मी तिला शिकवायला घेतलं.

"घाबरू नकोस, पुढे झुक!"

"अहो, पुढे उतार आहे!"

"मग काय मागे झुकणार? झुक म्हटलं ना!"

ती बसकण मारून बसली. म्हणाली, "लिफ्टची मोटर बिघडली की तिच्याशी किती गोड बोलता. कधी माझ्याशी बोललात तसं? मी तिथे मास्तर लावणार. तुमच्याकडून शिकले तर पाय तरी मोडेल नाहीतर काडीमोड तरी होईल."

आणि तिने खरंच मास्तर लावला. बेत आखण्यात तिला जी मजा यायची ती मी दुसऱ्या कशात पाहिली नाही. फेब्रुवारीचे तीन दिवस ठरले. वहीत गाड्यांच्या वेळा, डोंगर कुठल्या बाजूच्या खिडकीतून दिसतो, स्टेशनावर कुठला डबा घ्यायचा, सगळं लिहिलेलं. इवाबुची नावाच्या बाईंची एक लहान सराय तिने शोधली आणि त्यांना इतके फोन केले की त्यांची मैत्रीच झाली. एकदा अर्धा तास बोलून झाल्यावर मी विचारलं, "काय ठरलं?"

"लाल सलगमाचं लोणचं त्या कसं घालतात ते सांगत होत्या."

"आणि खोली?"

"ती तर मागच्याच फोनला ठरली."

आमच्याकडे घरात कुणी गेलं की डिसेंबरात सगळ्या ओळखीच्यांना कार्ड पाठवतात, की आम्ही सुतकात आहोत, यंदा नववर्षाच्या शुभेच्छा पाठवणार नाही. आमची मुलगी चिझुरू त्यासाठी आली होती. आईची पत्त्यांची वही समोर ठेवून ती एकेक कार्ड लिहीत होती आणि मी तिकिटं चिकटवत होतो. शेवटचा पत्ता इवाबुचीबाईंचा निघाला. नोबुएने तो नव्या पेनाने लिहिला होता.

"बाबा, यांनाही पाठवायचं ना? खोली रद्द करावी लागेल."

"त्यांना मी फोन करतो."

"नक्की?"

"हो म्हटलं ना."

ते एक कार्ड मी बाजूला ठेवलं. फोन केला नाही. आज करू, उद्या करू. एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला. दर रविवारी चिझुरू विचारायची, "केलात का?" मी म्हणायचो, "लागला नाही." फोन लागत नव्हता असं नाही. जगात एक बाई अशी होती जिच्या लेखी नोबुए अजून गाडीच्या वेळा बघत होती. ते मला मोडवत नव्हतं.

निघायच्या चार दिवस आधी त्यांचाच फोन आला.

"कुरामोचीसान? नोबुएसान आहेत का? बऱ्याच दिवसांत फोन नाही त्यांचा. बूट साडेबावीस मापाचेच ना, एवढं विचारायचं होतं. काढून ठेवते."

मी म्हणालो, "तिला... तिला यायला जमणार नाही."

"अगंबाई! तब्येत?"

"हो. तब्येत."

"अरेरे. किती दिवस मोजत होत्या बिचाऱ्या! पण तुम्ही या हं. त्यांनी मला बजावून सांगितलंय. म्हणाल्या, आमच्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या झाडल्या, एकदा त्याची कुणीतरी झाडा. तुम्ही नाही आलात तर त्या मलाच बोलतील."

मला वाटलं, जाऊन समोरासमोर सांगू. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून गेलो.

इवाबुचीबाई माझ्याच वयाच्या निघाल्या, ठेंगण्या आणि बोलक्या. दारातच म्हणाल्या, "आता कशा आहेत त्या?" मी पायातले बूट काढत होतो. म्हटलं, "शांत आहे आता." खोटं नव्हतं. पण त्यांनी ऐकलं ते वेगळंच. "बरं झालं बाई," म्हणाल्या आणि चहा आणायला गेल्या. चहा घेऊन आल्या की सांगू, असं ठरवलं. चहा आला, बरोबर पाहुण्यांचं एक कुटुंबही आलं. मग राहिलं.

सकाळी नाश्त्याच्या वेळी एक म्हातारा दारात उभा. गालांवर उन्हाने काळे डाग पडलेले. "कुरामोची नोबुएसान? मी ओनोदेरा. दोन तासांची शिकवणी आहे."

इवाबुचीबाईंनी कपाळाला हात लावला. "यांना कळवायचं राहिलंच की हो माझ्याकडून!"

ओनोदेरा मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "मग तुम्ही येता? मी आता दोन तास काय करू, बायको घरी घेणार नाही."

एकेचाळीस वर्षं मी स्कीवर चालत कामाला जात होतो. पण मी म्हणालो, "येतो."

नवशिक्यांच्या उतारावर आम्ही दोघंच होतो. मी मुद्दाम पाय वाकडे टाकले. मास्तर थोडा वेळ बघत राहिले.

"तुम्हाला येतंय."

"बायकोला काय शिकवणार होतात ते बघायचंय."

त्यांनी माझ्या काठ्या बाजूला रोवल्या. नवशिक्याला शिकवतात तसंच पहिल्यापासून सुरू केलं. पडायचं कसं, उठायचं कसं. मग म्हणाले, "भीती वाटते?"

मी हातमोजा वर ओढला.

"वाटते म्हणा. वाटू दे. घाबरलेला माणूस हळू जातो, हळू जाणाऱ्याला लागत नाही. उताराकडे बघू नका. माझ्या टोपीकडे बघा. मी तुमच्यापुढे उलटा चालतो. पडलात तर माझ्यावर पडाल."

आणि ते खरंच माझ्याकडे तोंड करून, उलटे, हळूहळू खाली निघाले. मी त्यांच्या टोपीकडे बघत गेलो. हे इतकं सोपं होतं. मी नोबुएच्या मागे उभा राहून ओरडत होतो. तिच्या पुढे जाऊन उभं राहायचं होतं, एवढंच. मला हे आधी कळायला हवं होतं. पण निदान कळलं, तेही तिनेच लावलेल्या मास्तराकडून.

मग मी एकटाच लिफ्टकडे गेलो. खाली एक तरुण मुलगी झाडू घेऊन उभी होती. सवयीने माझं लक्ष चाकांकडे गेलं आणि मी चुकीच्या रेषेवर उभा राहिलो.

"आजोबा, पुढे, पुढे! पहिलीच वेळ का?"

"हो."

तिने खुर्चीवरचा बर्फ झटकला, खुर्ची माझ्या गुडघ्यांमागे अलगद धरली आणि म्हणाली, "जाऊन या."

"येतो," मी म्हणालो.

माझ्या लिफ्टवर असं उत्तर फार थोडे लोक द्यायचे. जे द्यायचे ते मला संध्याकाळपर्यंत आठवत असत. वर ती झाडं उभी होती, अंगभर बर्फ घेऊन. भुतांसारखी नाही वाटली मला. रांगेत थांबलेल्या माणसांसारखी वाटली. मी शेजारची जागा रिकामी ठेवून बसलो होतो. तिथे कुणी बसायला आलं नाही, याचंही मला बरं वाटलं.

निघायच्या दिवशी इवाबुचीबाईंनी एक बरणी हातात दिली. लाल सलगमाचं लोणचं. "नोबुएसानना द्या. आणि म्हणावं, कसं झालंय ते मला कळवा. आंबट झालं असेल तर तसंही सांगा, मी रागावणार नाही."

आता सांगायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि हे बूट मी दुसऱ्या कुणाला देत नाही. पुढच्या वर्षी त्यांनाच."

"आभारी आहे," मी म्हणालो. बरणी पिशवीत ठेवली. बस सुटेपर्यंत त्या बर्फात उभ्या राहून हात हलवत होत्या.

घरी आल्यावर बशीत थोडं लोणचं काढून नोबुएच्या फोटोपुढे ठेवलं. उरलेलं मी रोज भाताबरोबर खाल्लं. मी आजवर माझ्या माणसाचं कौतुक मोजूनमापून केलं आणि परक्या बायका मात्र तिच्यासाठी दुकान बंद करतात, बूट राखून ठेवतात. तिने फोनवरून, एका दुकानातून एवढं कमावलं होतं. ते सगळं माझ्या वाट्याला आलं.

एप्रिलमध्ये इवाबुचीबाईंचं कार्ड आलं, नोबुएच्या नावाने. लोणचं कसं झालं होतं? मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, की लोणचं फार छान झालं होतं, बरणी रिकामी झाली, आणि तुमच्याकडचे तीन दिवस आम्ही विसरणार नाही. पेटीत टाकलं.

नोबुए गेली, हे त्यांना अजून कळवायचं राहिलं आहे.