मेव्हण्यांचा चमत्कार

चष्मेवाल्याला देवाचं भय होतं, पण बायकोच्या थोरल्या भावाचं जरा जास्त होतं. देव निदान क्षमा करतो. मेव्हणे चर्चच्या कमिटीचे प्रमुख होते आणि त्याच्या दुकानाची जागाही त्यांचीच होती.

त्या रविवारी चर्चमध्ये देवाच्या कृपेची साक्ष द्यायची वेळ आली तसे मेव्हणे उठले, आपला चष्मा त्यांनी वेदीवर ठेवला आणि म्हणाले, "तीन महिने मला धड दिसत नव्हतं. उपास केला, प्रार्थना केली. काल चष्मा काढला आणि फळ्यावरचे गीतांचे नंबर घडाघडा वाचले." सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. चष्मेवाल्यानंही म्हटलं, त्यात त्याचं काय जात होतं?

मग ऑर्गन वाजवणाऱ्या बाई उठल्या. वीस वर्षांत त्या साक्ष द्यायला कधी उठल्या नव्हत्या.

"माझेही डोळे तीन महिन्यांपासून गेलेत," त्या म्हणाल्या. "स्वरलिपी दिसत नाही. तुम्ही माझ्या चुका सांभाळून गाता, ते कळतं मला. आज माझा शेवटचा रविवार."

"बाई, विश्वास कमी पडतोय तुमचा," मेव्हणे मोठ्या कनवाळूपणानं म्हणाले. बाईंनी मान खाली घातली.

चष्मेवाल्यानं बाकावरच हिशेब जुळवला. तीन महिन्यांपूर्वी त्यानं दोघांना एकसारखी काळी फ्रेम दिली होती, तीही एकाच दुपारी, आणि डब्यांवर नावं लिहायचा आळस केला होता. बाईंचा जाड नंबर मेव्हण्यांच्या नाकावर बसला आणि मेव्हण्यांचा नावापुरता नंबर बाईंच्या. असला चष्मा काढल्यावर माणसाला दिसेल नाही तर काय होईल?

"उद्या गुपचूप बदलून द्या," बायको कुजबुजली. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याची चूक ओळखण्यात तिचा हातखंडा होता. सल्ला व्यवहाराचा होता. पण सगळ्यांसमोर खाली गेलेली ती मान उद्या दुकानात गुपचूप वर येणार नव्हती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. बायकोनं कोट धरून ठेवला, त्यात एक बटण तुटलं, पण तो उठलाच.

"बाईंचा विश्वास कमी नाही," तो कसाबसा म्हणाला. "चष्म्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली. यांचा त्यांना गेला, त्यांचा यांना."

"दाजी, देवाची करणी तुम्ही आपल्या दुकानाच्या नावावर लावता?" मेव्हणे कडाडले.

पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले, "हे आपण उपासनेनंतर बोलू."

"बसा हो खाली," मागून कुणीतरी म्हणालं. शाबासकीची त्याला आशा नव्हती, पण लोक असे बघत होते, जणू त्यानं दानपेटीच फोडली होती.

"आणि दुकानाला दुसरी जागा बघा," मेव्हण्यांनी पुरवणी जोडली.

आता जायचं ते गेलंच होतं. तो सरळ वेदीपाशी गेला, मेव्हण्यांनी देवाला वाहिलेला चष्मा त्यानं उचलला, रुमालानं पुसला आणि बाईंच्या हातात दिला.

बाईंनी नाकावरचा काढून तो चढवला. आधी स्वरलिपी पाहिली, मग मागे वळून एकेका रांगेवरून सावकाश नजर फिरवली.

"नंबर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पार शेवटच्या बाकापर्यंत कोण कोण तुमच्यावर खार खाऊन बसलंय, सगळं स्पष्ट दिसतंय. आता बसू नका. तसेच उभे राहा."

आणि त्यांनी गीत सुरू केलं. ऑर्गन वाजायला लागल्यावर बसून राहायची चर्चमध्ये रीत नव्हती. सगळी मंडळी उठली, मेव्हण्यांनाही उठावं लागलं.