सासरेबुवांचा वादळी काटा

फ्रान्समधल्या आमच्या ओव्हेर्नच्या डोंगरात वसलेल्या गावात एकच हॉटेल, आन्सेल्मचं. त्याला पाव मी देतो, त्यामुळे पाहुणे टिकतात की पळतात हे माझ्या भट्टीला त्याच्याआधी कळतं. त्या उन्हाळ्यात पळत होते, आणि कारण दिवाणखान्यात टांगलेलं होतं.

आन्सेल्मचे सासरे, ब्रेस्ट बंदरातले निवृत्त कॅप्टन केरव्हेल्ला, मुक्कामाला येताना आपल्या जहाजावरचं वायुभारमापक, हवेचा दाब उतरला की 'वादळ' दाखवणारं काट्याचं यंत्र, घेऊन आले. समुद्रकाठी दाब पाऱ्याचे सातशे साठ मिलिमीटर असतो, त्या हिशेबानं तबकडी आखलेली. डोंगरावर हवा विरळ, दाब साठेक मिलिमीटर कमी. म्हणून काटा कायम 'वादळ'वर. पाहुणे सकाळी काचेवर टिचकी मारत, लख्ख उन्हाकडे संशयानं बघत आणि सामान बांधत.

उपाय साधा होता. मागचा स्क्रू फिरवून गावच्या उंचीपुरते मिलिमीटर मिळवायचे, की काटा समुद्रकाठच्या भाषेत बोलतो. सगळे डोंगरवाले तेच करतात. पण आन्सेल्मनं दोनदा विनवलं, तरी सासरे ढिम्म.

"माप समुद्रावर ठरलंय, जावईबापू. तुमचं हॉटेल उंचावर आहे, हा काट्याचा गुन्हा नाही."

"गुन्हा माझा, कॅप्टन. मी लग्न समुद्रकाठी केलं."

एवढं बोलून तो माझ्याकडे येऊन तासभर धुमसला.

ऑगस्टमध्ये लिओंच्या मादाम ओडिबेर मोठा गोतावळा घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी शिखरावर जायला मिळालं तर महिनाभर राहू, म्हणाल्या. आन्सेल्मचा हंगाम या एका गोतावळ्यावर होता. सकाळी सासरे दाढी करत असताना त्यानं स्क्रू फिरवला. उंची किती, मिळवायचं किती, हा हिशेब करायला डोकं थंड लागतं. ते कुठलं? काटा थेट 'स्वच्छ'वर नेला आणि मोकळा झाला.

मादामनी टिचकी मारली, खूश झाल्या, सगळ्यांना घेऊन निघाल्या.

हवेचा दाब मात्र त्या दिवशी खरंच उतरत होता. नीट मिळवणी केली असती, तर काट्यानं तसं सांगितलंही असतं. दुपारी शिखरावर गारा पडल्या. संध्याकाळी मंडळी निथळत परतली, कोबीचं सूप न पिताच गाडी मागवली.

कॅप्टननी शांतपणे स्क्रू उलटा फिरवला. काटा 'वादळ'वर येऊन थांबला.

"बघा," ते जावयाला म्हणाले, "पहिल्या दिवसापासून सांगत होता बिचारा."

 आन्सेल्मकडून मला फक्त निरोप आला, उद्यापासून पाव अर्धेच.